‘बीटीले अळी लागत नाही’: हा समज आला कुठून

जुलै संपत आला, पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, गुडघ्याला लागली की आमच्याकडे कृषी केंद्रासमोरच्या बाकड्यावर हे वाक्य हमखास ऐकू येतं: “बीटीले अळी लागत नाही.” बीटी म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेला कापूस. ऑक्टोबरात बोंडं फोडून पाहिल्यावर त्याच बाकड्यावर दुसरं येतं: “बियाणंच बोगस निघालं.” बोगस बियाणं बाजारात असतंच, पण दरवेळी दोष त्याचा नसतो. आणि असं बोलणारे कास्तकार काही अडाणी नाहीत. पहिलं वाक्य एके काळी बरंचसं खरं होतं, म्हणूनच ते डोक्यात इतकं घट्ट बसलंय.

नव्वदच्या दशकात कापसाचा मोठा शत्रू होता हिरवी बोंडअळी. तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, म्हणून ती अमेरिकेतून आली असं आजही छातीठोक सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती आपल्याच भागातली जुनी कीड आहे. हरभऱ्यात जिला आपण घाटेअळी म्हणतो, ती हीच. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं वर्षानुवर्षं फवारून ती त्यांना दाद देईनाशी झाली. उधारीवर डबे आणायचे, पंप पाठीवरून उतरायचा नाही, आणि तरी बोंडाला भोक.

अशा वेळी, मार्च 2002 मध्ये, केंद्र सरकारने बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत सापडणारा जिवाणू. जपानमध्ये 1901 साली मरणाऱ्या रेशीमअळ्यांत तो पहिल्यांदा आढळला. पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतावरून त्याला नाव मिळालं. त्याचं एक प्रथिन अळीच्या पोटात गेलं की आतड्याला छिद्रं पडतात आणि ती मरते. हे प्रथिन तयार करणारं जनुक कापसाच्या झाडात घातलं गेलं. 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. हिरव्या बोंडअळीसाठीच्या फवारण्या खरोखरच कमी झाल्या. ते सुख ज्यांनी पाहिलं, ते विसरू शकत नाहीत.

घोळ झाला तो तोंडातोंडी. ‘हिरव्या अळीसाठी फवारणी कमी लागते’ याचं ‘अळी लागत नाही’ झालं, आणि त्याचं पुढे ‘फवारा लागतच नाही’. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा असर कधीच नव्हता. सरकीला, म्हणजे कापसाच्या बीला, जो रंगीत लेप असतो, त्यातलं कीटकनाशक सुरुवातीचे काही आठवडे त्यांना दूर ठेवतं. त्याचं श्रेयही लोकांनी बीटीलाच दिलं.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी आहे. तिची पहिली शास्त्रीय नोंद 1843 ची, तीही गुजरातमधल्या भरूचच्या कापसावरून. म्हणजे ती बीटीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीची. ही अळी बाहेरून दिसत नाही. बारीक असतानाच बोंडात शिरते, मागे भोक बुजून जातं. बोंड हातात घेतलं तर हिरवंगार, टणक. नखाने पाकळी उघडली की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली, आणि मध्ये वळवळणारी गुलाबी अळी. फुलात असेल तर पाकळ्या धाग्याने बांधल्यासारख्या मिटलेल्या राहतात, ती डोमकळी. ही खूण प्रत्येकाने वावरात जाऊन एकदा तरी पाहावी.

ही अळी पहिल्या जनुकाला पुरून उरते, हे 2010 पर्यंत गुजरातमध्ये उघड झालं. पुढे दुसरं जनुकही तिने पचवलं, आणि 2017 मध्ये विदर्भाची बोंडं पोखरली गेली. असं का झालं, याचा एक धागा पाकिटातच होता. 450 ग्रॅम बीटीसोबत 120 ग्रॅम बिगर-बीटी सरकीची पुडी यायची. ती वावराच्या कडेने लावायची, म्हणजे तिथे जगलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जोडी जमवतील आणि पुढची पिढी बीटीने मरेल. आमच्या घरी ती पुडी दोन-तीन हंगाम कोनाड्यात पडून होती. अळीला मुद्दाम खाऊ का घालायचं, हे तेव्हा मलाही पटत होतं. आता बिगर-बीटी दाणे त्याच पाकिटात मिसळून येतात.

दुसरा धागा संकरित वाणांचा. जनुक एकाच पालकाकडून आलेलं असेल तर बोंडातल्या साधारण चारपैकी एका सरकीत ते नसतं. दोन्ही जनुकं नसलेली सरकी साधारण सोळात एक. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. एकाच बोंडात तिला अशी कमी-जास्त विषाची सरकी मिळत गेली, आणि ती सरावत गेली.

त्याच 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांत एक गोष्ट सारखी जाणवत होती: आपण विषाला ‘औषध’ म्हणतो. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे सेंद्रिय, असंही मी चांगल्या शिकलेल्या माणसाकडून ऐकलंय. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे विषाच्या उतरत्या तीव्रतेचे रंग आहेत. हिरव्या त्रिकोणाच्या डब्यातही कीटकनाशकच असतं.

गुलाबी अळीसाठी फवारणी कधी करायची, याचाही ठोकताळा आहे. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडकी निघाली, तर. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून नाही.

आणि ‘अळी बियाण्याच्या पाकिटातून येते’ म्हणणाऱ्याला मी त्याच्याच घरामागे घेऊन जातो. डिसेंबरनंतरही फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभं राखलेलं कापसाचं पीक, ठेवलेली असते, नाहीतर उपटलेली पऱ्हाटी जळणासाठी कुडाला टेकवून रचलेली. तिच्यावर न उमललेली दोन-चार काळी बोंडं असतात. एक फोडायचं. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या निघतात, आणि त्यांच्या पोकळीत अळी निवांत निजलेली असते. पाऊस पडून शेजारच्या वावरात फुलं येईपर्यंत.