होडी शाकारणे

होडीत ओल मुरू नये, बुरशी येऊ नये आणि लाकूड कुजू नये म्हणून पावसाच्या तोंडावर ती किनाऱ्यावर ओढून झाकण्याची कोकणातील पद्धत. महाराष्ट्रात मासेमारीबंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै असते. म्हणजे वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत होडी बंद पडून राहते.

कुजण्याच्या बाबतीत लाकडाचा खरा शत्रू समुद्र नव्हे, गोडे पाणी. खारे पाणी मुरलेल्या फळीत कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. पावसाचे आणि मासळीच्या खणात वितळणाऱ्या बर्फाचे पाणी मात्र तिला मानवते. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या वर टिकली की कूज धरण्याचा धोका सुरू होतो. म्हणून खणाचा तळ आणि फळ्यांचे सांधे आधी तपासावेत. केबिनमध्ये उलटा प्रकार: मीठ हवेतली ओल ओढते, त्यामुळे खारवलेली गादी कितीही वाळवली तरी पुन्हा दमट होते. कापडी सामान गोड्या पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून घरी न्यावे. जाळी, दोर, लाईफ जॅकेटही होडीत ठेवू नयेत.

होडी ओंडक्यांवर टेकवताना नाळ (होडीचे पुढचे टोक) थोडी उंच ठेवतात आणि तळाचे बूच काढतात, म्हणजे आत आलेले पाणी थांबत नाही. फासळ्यांखालची (होडीच्या आतल्या आडव्या लाकडी कमानींखालची) पाणी वाहायची भोके खवले-चिखलाने तुंबलेली असतात. ती तारेने मोकळी करावीत, नाहीतर बूच काढूनही उपयोग नाही. मग लांबीभर आढे बांधून दोन्ही बाजूंना उतार देतात आणि वर झावळ्या किंवा ताडपत्री टाकतात. ताडपत्री काठांवर घट्ट आवळणे ही नेहमीची चूक. ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असेल, तर २६ अंशांपर्यंत थंड झालेल्या पृष्ठभागावर दव धरते. कोंडलेली ताडपत्री रात्री आतून घामेजते आणि थेंब फळ्यांवर पडत राहतात. दोन्ही टोके वीत-दीड वीत उघडी हवीत. खणांची झाकणे, कपाटांची दारे उघडी ठेवावीत. बाहेरची हवाच दमट असल्याने वाऱ्याने होडी कोरडी होत नाही, पण ओल एका जागी बसत नाही. खरे वाळवण उघडीप मिळाली की करायचे.

फायबरच्या बंद केबिनमध्ये कॅल्शियम क्लोराइड चालते. ते हवेतून स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी शोषते, पण खिडकी उघडी असेल तर वाया जाते. त्याचे पाणी धातू खाते. भांडे इंजिनापासून दूर ठेवावे.

बुरशी दिसल्यास कोरडा ब्रश मारू नये, बीजाणू उडतात. मास्क लावून, व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने पुसावे, तासाभराने पुन्हा पुसून वाळवावे. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. पुसल्यावरही फळी ठोकून पाहावी. बद्द आवाज आला आणि दाभण सहज आत गेले, तर ती कूज आहे. वर रंग मारल्यास ओल आतच कोंडते. तेवढा भाग, कुजीच्या पुढच्या वीतभर निरोगी लाकडासकट, कापून बदलावा लागतो.