श्रवणऱ्हास आणि मस्तिष्कस्तंभातील चेतासंधी

ऐकू येणे कमी झाले की बिघाड कानापुरता राहत नाही. कानाकडून येणाऱ्या संदेशांची वर्दळ ओसरते आणि मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागातील) चेतासंधी, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश पोहोचवणाऱ्या जागा, रचनेने आणि कामानेही बदलू लागतात.

श्रवणचेतेचे तंतू आतल्या कानातील शंखासारख्या भागातून (कॉक्लिआतून) निघून मस्तिष्कस्तंभातल्या पहिल्या श्रवणकेंद्रात येतात. तिथल्या काही पेशींवर त्यांची टोके अवाढव्य असतात; बोटे फाकवून चेंडू पकडावा तशी ती पेशीला कवेत घेतात. हान्स हेल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. एकेका टोकात ग्लुटामेट हे पुढच्या पेशीला उत्तेजित करणारे रसायन सोडण्याच्या शेकडो जागा असतात. एवढा खटाटोप अचूक वेळेसाठी आहे. आवाज कुठून आला हे ठरवताना दोन कानांतला १० मायक्रोसेकंदांच्या आसपासचा फरकही माणसाला अनुकूल परिस्थितीत कळतो. इथे संदेश डळमळला, तर पुढची कोणतीही पायरी तो सावरू शकत नाही.

जन्मतः बहिऱ्या पांढऱ्या मांजरांत या टोकांच्या फांद्या विरळ होतात. रसायन साठवणाऱ्या पुटिका कमी दिसतात, आणि समोरच्या पेशीच्या पटलावरचे ग्राहक भाग, जे एरवी लहान व घुमटासारखे असतात, ते पसरट व मोठे होतात. जणू क्षीण झालेला संदेश पकडण्यासाठी पेशी आपले क्षेत्र वाढवते.

कान बंद ठेवलेल्या उंदरांत बदल निराळ्या अंगाने दिसतो. टोके लहान होतात, पण प्रत्येक संदेशासरशी रसायन सुटण्याची शक्यता वाढते. पहिला संदेश जोरकस जातो. लागोपाठ संदेश आले की साठा लवकर आटतो आणि पुढचे कमकुवत पडतात. गोंगाटात वाढवलेल्या उंदरांत नेमके उलटे घडते. चेतासंधी मिळणाऱ्या आवाजानुसार स्वतःला जुळवून घेतात, असाच याचा अर्थ लावावा लागतो. ऐकू येणे कमी झाले की ग्लायसीन या रसायनावर चालणारे शमन, म्हणजे पेशींना आवर घालणारी यंत्रणाही, ढिले पडते. उत्तेजन-शमनाचा हा बिघडलेला तोल काही जणांच्या कानातील सततच्या गुणगुणीमागे असावा, असे अनेक संशोधकांना वाटते.

बदल सगळे कायमचे नसतात. कानातील अडथळा काढल्यावर उंदरांच्या चेतासंधी बऱ्याच अंशी पूर्ववत होतात. बहिऱ्या मांजरांच्या पिल्लांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे श्रवणचेतेला थेट विद्युत संदेश देणारे उपकरण, बसवून काही महिने उत्तेजन दिले, तेव्हा हेल्डच्या टोकांची रचना सामान्य मांजरांच्या जवळ आली. हे काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. वय मात्र निर्णायक ठरते. जन्मतः बहिऱ्या मुलांत इम्प्लांट जितके लवकर, तितकी बोली भाषा चांगली विकसित होते. नवजात बाळाची श्रवणचाचणी पुढे ढकलू नये, ती यासाठीच.