अंगमेहनत आणि ‘खरा मर्द’: एक खुलासा

‘घाम गाळतो तोच खरा मर्द, पदवी घेऊन खुर्चीत बसणारा नाजूक’ अशा आशयाचा मजकूर वर्षानुवर्षे पुढे पाठवला जातो. कष्टाला मान मिळावा ही त्यामागची भावना रास्तच आहे. विधान मात्र तपासले तर टिकत नाही.

मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांचे उदाहरण घ्या. मजूर पुरवणारा मुकादम उचल (आगाऊ रक्कम) देतो ती बहुधा नवराबायकोच्या जोडीला, आणि तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर बायकाच करतात, तेही पहाटेचा स्वयंपाक उरकून. 2011 च्या जनगणनेचे तक्ते कोणालाही पाहता येतात. त्यांत शेतमजुरांपैकी दर 10 जणांत 4 हून अधिक स्त्रिया आहेत. उलट, एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या कचेऱ्यांत कारकून जवळपास सगळे पुरुषच असत. म्हणजे काम जड की बैठे, यावरून पुरुषत्व ठरवता येत नाही.

हात आणि बुद्धी यांची फारकतही अशीच खोटी आहे. मायक्रोमीटर या मोजमापाच्या साधनावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप जुळवणारा टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे भाग घडवणारा कारागीर, डोके वापरत नाही, असे कोण म्हणेल?

अंगमेहनत करणाऱ्यांच्या मनात पदवीधरांविषयी असलेला आकस खरा आहे, हे नाकारू नये. पण एकाच कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची आणि पदवीधर अधिकाऱ्याची पगारपत्रके, रजा व नोकरीची हमी शेजारी ठेवून पाहिल्यास त्याचे कारण तिथेच सापडते.