प्रथिन विलगीकरण व संहतीकरण

रक्तद्रव, मूत्र, ऊतकांचा अर्क, सूक्ष्मजंतूंचे संवर्धन अशा मिश्र जैव नमुन्यातून हवे ते प्रथिन वेगळे काढून विश्लेषणाला पुरेल इतके दाट करण्याची प्रक्रिया. विलगीकरण म्हणजे नको ते घटक दूर करणे व संहतीकरण म्हणजे पाणी कमी करणे; व्यवहारात दोन्ही बहुधा एकाच टप्प्यात साधतात.

मुख्य अडचण प्रमाणातील तफावतीची आहे. मानवी रक्तद्रवात लिटरमागे सुमारे ६०–८० ग्रॅ. प्रथिने असतात व त्यांतील निम्म्याच्या आसपास किंवा अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनाचा असतो. निदानास उपयुक्त अशी काही प्रथिने त्याच्या हजार कोटी पट विरळ असू शकतात. म्हणून अल्ब्युमीन आधी काढून टाकतात. मात्र त्याला चिकटलेली लहान प्रथिनेही त्याच्याबरोबर जातात, याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते.

लवणाने प्रथिने खाली बसविण्याची पद्धत सर्वांत जुन्यांपैकी एक होय. फ्रांट्स होफमाइस्टर यांनी प्राग येथे अंड्यातील पांढऱ्या भागाच्या प्रथिनांवर प्रयोग करून लवणांचा प्रभावक्रम (कोणते लवण प्रथिने किती परिणामकारकपणे खाली बसविते याचा क्रम) मांडला (१८८८). लवण प्रथिनाभोवतीचे पाणी ओढून घेते, हे त्याचे जुने स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते; आयनांचा प्रथिनाच्या पृष्ठभागाशी येणारा प्रत्यक्ष संबंध अधिक महत्त्वाचा दिसतो. थंडीतही भरपूर विरघळणारे अमोनियम सल्फेट यासाठी विशेष सोयीचे ठरते. बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रातील द्रव हलके ढवळत ते थोडेथोडे घालतात. द्रव आधी दुधाळ होतो व अपकेंद्रित्रात फिरविल्यावर तळाशी साका बसतो. ४०–५० टक्के संपृक्ततेला बहुतेक प्रतिपिंडे साक्यात उतरतात, अल्ब्युमीन वरच्या द्रवात राहते. घाईने ढवळून फेस आणल्यास प्रथिनांची घडी (रेणूची त्रिमितीय रचना) उलगडते व ती निकामी होतात. साक्यातील लवण नंतर अपोहनाने (लवण पार होते पण प्रथिन अडते अशा पटलाच्या साहाय्याने) काढावे लागते.

घन आधाराला जोडलेल्या रेणूने हवे तेच प्रथिन पकडून ठेवणाऱ्या, म्हणजे विशिष्ट आकर्षणावर आधारलेल्या वर्णलेखनाचे (ॲफिनिटी क्रोमॅटोग्राफीचे) श्रेय कोणाला द्यावे, याविषयी एकमत नाही. एमिल श्टार्केनश्टाइन यांनी अविद्राव्य स्टार्चवर अमायलेज (स्टार्चाचे विघटन करणारे एंझाइम) धरून ठेवले (१९१०), म्हणून काही जण आरंभ तेथे मानतात. लेनर्ड लेर्मन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सेल्युलोजाला रेणू जोडून असेच प्रयोग केले. क्वात्रेकासास, विल्चेक व अन्फिन्सन यांच्या १९६८ मधील निबंधाने पद्धतीला आजचे नाव मिळाले. मात्र ती सर्वांच्या हाती आली ती १९६७ मध्ये आक्सेन, पोराथ व एर्नबाक यांनी सायनोजेन ब्रोमाइडाने ॲगारोजासारख्या बहुशर्करांना रेणू जोडण्याची सोपी रीत दाखविल्यामुळे. त्यामुळे आद्य कल्पना १९१० ची व वापरण्याजोगी पद्धत १९६७–६८ ची, असे म्हणणे अधिक योग्य वाटते. [⟶ वर्णलेखन].

अतिगालनात ठरावीक रेणुभाराची, उदा., १०,००० डाल्टन (रेणुभाराचे एकक) मर्यादेची पटले वापरतात. पाणी व लहान रेणू पार होतात, प्रथिन वर उरते. विरळ नमुन्यातील काही प्रथिन पटलालाच चिकटून वाया जाते. थंड ॲसिटोन किंवा ट्रायक्लोरोॲसिटिक अम्ल यांनी साका झटपट मिळतो, परंतु प्रथिनाची घडी बहुधा मोडते; एंझाइमाची क्रियाशीलता मोजायची असल्यास या रीती टाळतात. द्रव्यमान वर्णपटमापनासाठी (रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखण्यासाठी) घडी मोडली तरी चालते, तेथे अडचण होते ती नमुन्यात राहून गेलेल्या सोडियम डोडेसिल सल्फेट या प्रथिने विरघळविणाऱ्या अपमार्जकाची.