जर्मनीत मुलांना शाळेत घालताना: पत्त्याची नोंदणी, लसीचा पुरावा, प्रवेश आणि किंडरगेल्ड

जर्मनीत नोकरी ठरली, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना) झालं, आता कुटुंबाला घेऊन जायचं, या टप्प्यावर आलेले आईवडील पहिला प्रश्न हमखास विचारतात: तिकडे चांगली शाळा कुठली? पुण्या-मुंबईत हा प्रश्न बरोबर आहे, कारण आपण आधी शाळा बघतो आणि मग रिक्षा-बसची सोय लावतो. जर्मनीत बहुतेक राज्यांत सरकारी प्राथमिक शाळा, म्हणजे ग्रुंडशूले, तुमच्या पत्त्यावरून ठरते. बर्लिन, बायर्न (बव्हेरिया), हेसेन, बाडेन-व्युर्टेम्बर्ग इथे हीच पद्धत आहे. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनने ठरलेल्या हद्दी 2008 साली काढून टाकल्या, तरी तिथेही जागा कमी पडल्या की जवळ राहणाऱ्या मुलांचा विचार आधी होतो. म्हणून शाळेचा शोध घरापासूनच सुरू करा. भाडेकरार करण्याआधी त्या रस्त्याला कुठली ग्रुंडशूले लागू आहे ते शहराच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. एकदा सही झाली की शाळाही ठरली, असं धरून चाला.

निघण्यापूर्वीची तयारी

मुलांचा व्हिसा कुटुंब एकत्रीकरणाचा, राष्ट्रीय प्रकारचा असतो. शुल्क मोठ्यांना 75 युरो, अल्पवयीनांना 37.50 युरो. मूल 16 वर्षांच्या आतलं असेल तर अर्ज बराच सोपा जातो. आईवडिलांपैकी एकजण भारतातच राहणार असेल तर त्याची लेखी संमती लागते. जर्मनीतल्या पालकाचं ब्लू कार्ड, नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्या यांच्या प्रती जोडाव्या लागतात.

अडचण बहुतेक वेळा जन्माच्या दाखल्यावर येते. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला आता मराठी-इंग्रजी असतो, तेवढं बरं. पण जन्मानंतर लगेच काढलेल्या दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा रिकामाच असतो. बारसं नंतर झालेलं असतं आणि नाव नोंदवायचं राहून जातं. तो रकाना भरून नवीन दाखला काढा. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर लग्नाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र जोडीला ठेवा.

नावाचं आणखी एक. आपल्याकडे मुलांच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात मुलाचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं एकत्र येतात. जर्मन कार्यालय ती दोन्ही मुलाचीच नावं समजतं. शाळेच्या यादीत, विमा कार्डावर, सगळीकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव दिसेल. त्याने बिघडत काही नाही, मात्र प्रत्येक अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं आणि दुसरीकडे ठेवलं की एकाच मुलाच्या दोन वेगळ्या नोंदी होतात, आणि मग पत्रव्यवहार वाढत जातो.

सोबत घ्यायचे शाळेचे कागद म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या दोन वर्षांची प्रगतीपुस्तकं. दाखला मराठीत असेल तर शाळेकडेच इंग्रजी प्रत मागा. मुख्याध्यापक सही-शिक्क्यानिशी ती देतात. कुठल्या कार्यालयाने जर्मन भाषांतर मागितलंच तर ते न्यायालयाकडे शपथ घेतलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावं लागतं.

पहिले दोन आठवडे: आनमेल्डुंग

घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करणं कायद्याने बंधनकारक आहे. ती नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे बुर्गरआम्टमध्ये होते. मोठ्या शहरांत वेळ मिळायला उशीर लागतो, त्यामुळे घर हातात येताच ती आरक्षित करा. पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचं आणि जन्माचं प्रमाणपत्र लागतं, शिवाय घरमालकाने सही केलेला एक छोटा फॉर्म. त्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही. अमुक तारखेपासून अमुक माणसं या घरात राहतात, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्या माणसांत मुलांची नावं आहेत का, हे सही घेतानाच बघा.

त्याच दिवशी खाली जाऊन टपालपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. पतिपत्नीची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. पेटीवर नाव दिसलं नाही तर टपाल परत जातं, आणि पुढचे सगळे महत्त्वाचे कागद टपालानेच यायचे असतात. घरातल्या प्रत्येकाचा, तान्ह्या बाळाचासुद्धा, 11 अंकी कर क्रमांक काही आठवड्यांत पत्राने येतो. तो आला नाही की किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठी दर महिन्याला मिळणारा सरकारी भत्ता, अडतं.

आरोग्य विम्याचाही निर्णय याच काळात होतो. सरकारी योजनेत मुलं आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतात. खाजगी विम्यात प्रत्येक मुलाचा हप्ता वेगळा असतो. पगार जास्त असला की खाजगी विमा घेण्याचा आग्रह होतो. लहान मुलं असतील तर माझं मत सरकारी योजनेच्या बाजूने आहे.

गोवराच्या लसीचा पुरावा

1 मार्च 2020 पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे किटा म्हणजे बालवाडी असो की शाळा, गोवर प्रतिबंधाचा पुरावा दाखवावाच लागतो. मूल एक वर्षाचं झालं की एक डोस, दोन वर्षांचं झालं की दोन. पुरावा नसेल तर किटा मुलाला घेऊच शकत नाही. शाळा सक्तीची असल्यामुळे शाळेत मूल बसतं, पण प्रकरण आरोग्य खात्याकडे जातं आणि पालकांना 2500 युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. म्हणजे लस झालेली असते, प्रश्न कागदाचा असतो. लसीकरण कार्डावर डॉक्टरांचं न लागणारं अक्षर, तारखेच्या जागी फक्त महिना, शिक्का अर्धवट, हे तिथल्या परिचारिकेला कळत नाही. निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत लसीचं नाव, पूर्ण तारीख, सही आणि शिक्का असं पत्र घ्या. जर्मनीतले बालरोगतज्ज्ञ त्यावरून पिवळ्या लसपुस्तिकेत नोंदी करतात. कागद अगदीच हरवला असेल तर रक्ततपासणीतून रोगप्रतिकारशक्ती सिद्ध करता येते.

किटा

पहिल्या वाढदिवसापासून प्रत्येक मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. तो 1 ऑगस्ट 2013 पासून मिळाला. हक्क आहे म्हणजे जागा लगेच मिळते, असं मात्र नाही. म्युनिकमध्ये शहराच्या पोर्टलवर नाव नोंदवावं लागतं. बर्लिन आणि हॅम्बुर्गमध्ये आधी किटा-गुटशाइन नावाचं पत्र काढावं लागतं, मग ते घेऊन जागा शोधायची. बर्लिनमध्ये 2018 पासून किटाची फी नाही, जेवणाचे 23 युरो महिन्याला द्यावे लागतात. बायर्नमध्ये तीच किटा चांगली खर्चिक पडते. सुरुवातीचे काही आठवडे आईने किंवा वडिलांनी मुलासोबत थांबायचं असतं आणि हळूहळू वेळ वाढवायचा असतो. जोडीदाराच्या नोकरीची तारीख ठरवताना हे आठवडे धरा.

शाळा: वय, वर्ग आणि भाषा

मूल सहा वर्षांचं झालं की शाळा सक्तीची होते. घरी शिकवणं किंवा भारतातल्या ऑनलाइन शाळेत नाव ठेवणं याने ती सक्ती पूर्ण होत नाही. वयाची तारीख राज्यागणिक वेगळी आहे. बर्लिन आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये 30 सप्टेंबर. हेसेन, हॅम्बुर्ग आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 30 जून. बायर्नमध्येही 30 सप्टेंबर, पण जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांना एक वर्ष थांबवायचं का, हे आईवडील ठरवू शकतात.

महाराष्ट्रात पहिलीसाठी वय 31 डिसेंबरला मोजतात. त्यामुळे नोव्हेंबरात जन्मलेलं मूल आपल्याकडे पहिलीत बसलेलं असतं आणि जर्मनीत त्याच वयाचं मूल अजून किटात असतं. वर्ग मुख्यतः वयावरून देतात. पहिली झालेल्या मुलाला पुन्हा पहिलीत बसवलं म्हणून वाद घालू नका. भाषा नवीन असताना गणित सोपं जाणं त्याला फार आधार देतं.

वर्षाच्या मधे पोचलात तर शाळेच्या दारात उभं राहण्यापेक्षा शहराच्या किंवा जिल्ह्याच्या शाळा कार्यालयात जा. ते मुलाची भाषा पाहून जागा देतात. जर्मन येत नसलेल्या मुलांसाठी वेगळे वर्ग आहेत. बर्लिनमध्ये त्यांना विलकोमेन्सक्लासे म्हणतात, बायर्नमध्ये डॉइचक्लासे, हेसेनमध्ये इंटेन्सिवक्लासे. पहिली-दुसरीतली मुलं पुष्कळदा थेट नेहमीच्या वर्गात बसतात आणि जादा तास मिळतात. पहिलीच्या प्रवेशाआधी आरोग्य खात्याची तपासणी होते: डोळे, कान, चित्र काढणं, उड्या मारणं. ही प्रवेश परीक्षा नव्हे, मुलाला घोकायला लावू नका.

सरकारी शाळेत फी नाही. इंटरनॅशनल शाळांची फी अनेक ठिकाणी वर्षाला 15 ते 20 हजार युरो किंवा त्याहून जास्त आहे, म्हणून कंपनी ती भरणार का, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारा. मूल आठवीच्या पुढे असेल आणि दोनच वर्षांत परतायचं नक्की असेल, तर इंग्रजी माध्यमाचा विचार योग्य. दहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर मी निर्धास्तपणे ग्रुंडशूले सुचवते.

दोन गोष्टी मराठी घरांना चटकन लक्षात येत नाहीत. गुण 1 ते 6 असतात आणि 1 सर्वांत चांगला. आणि चौथीतच वाटा फुटतात, म्हणजे पुढे मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत जातात. बायर्नमध्ये जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुमचा, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेचा, रस्ता सरळ मिळतो. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत आहे. मूल तिसरी-चौथीत असताना जाणार असाल तर राज्य निवडतानाच हे लक्षात घ्या.

शाळा सुटल्यावरच्या सांभाळासाठी वेगळा अर्ज असतो आणि तो प्रवेशासोबतच करावा. 1 ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सांभाळाचा हक्क मिळतो, पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढत जाते.

सुट्टीबद्दल शाळा कडक असतात. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी भारतात निघणं चालत नाही. 2018 साली बायर्नमध्ये पोलिसांनी मेमिंगेन विमानतळावर अशा कुटुंबांना हटकलं होतं. दिवाळीसाठी एक दिवसाची रजा आधी लेखी मागा, शाळा सहसा समजून घेतात.

किंडरगेल्ड

जानेवारी 2026 पासून दर मुलामागे महिन्याला 259 युरो मिळतात. पगार कितीही असो, रक्कम तीच. ब्लू कार्डवर आलेले पालक पात्र असतात. मुलं मात्र तुमच्यासोबत जर्मनीत राहत असली पाहिजेत, भारतात आजीआजोबांकडे असतील तर मिळत नाही. अर्ज फामिलिएनकासेकडे, म्हणजे किंडरगेल्ड देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, ऑनलाइन करता येतो. त्यात एका पालकाचा आणि प्रत्येक मुलाचा कर क्रमांक, तसंच बँक खाते द्यायचं असतं. निवास परवाना आणि जन्माचा दाखला मागितला तर द्यावा लागतो. मागचे फक्त सहा महिने भरून मिळतात, म्हणून घर लागेपर्यंत, सामान येईपर्यंत असं करत हा अर्ज मागे टाकू नका.

परतताना

निघण्याआधी पत्त्याची नोंद रद्द करून आबमेल्डुंगचा कागद घ्या. शाळेतून नाव कमी करायला तोच दाखवावा लागतो. शाळेकडून सगळे त्सॉइग्निस, म्हणजे प्रगतिपत्रकं, मूळ प्रतीत मागून घ्या आणि इंग्रजी भाषांतर तिथेच करून आणा. भारतात 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तशी तरतूद आहे. सीबीएसईत मात्र बोर्डाची नोंदणी नववीतच होते, त्यामुळे परतायचंच असेल तर नववी सुरू होण्याआधी या. आणि फामिलिएनकासेला तारीख कळवा. निघून गेल्यावर जमा झालेले पैसे ते परत मागतात, आणि ते पत्र तुमच्या जुन्या पत्त्यावर जातं.