व्हिडिओ कॉलवरची जुनाट दुखणी: डॉक्टरांच्या अडचणीची पार्श्वभूमी

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्यावर व्हिडिओ कॉलवरून उपचार करताना भारतातले डॉक्टर दोन गोष्टींनी वैतागतात. रुग्णाला हात लावता येत नाही आणि हवं ते औषध लिहून देता येत नाही. यातली दुसरी अडचण कोविडच्या कितीतरी आधीची आहे.

१९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला. हेतू अमली पदार्थांच्या व्यापाराला चाप लावण्याचा होता. पण परवान्यांचं जंजाळ आणि कडक शिक्षेची धास्ती यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं तीव्र वेदनांवरचं औषध, ठेवणंच सोडलं. देशातला त्याचा वर्षाचा वापर ७१६ किलोवरून १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. आणि हे अफूची कायदेशीर शेती होणाऱ्या देशात! असाध्य आजारांतल्या वेदना कमी करण्यासाठी झटणारे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं रेटा लावल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, परवाने सुटसुटीत झाले. मात्र एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल हे वेदनाशामकही याच कायद्याखाली गेलं.

त्याच वर्षी जुलैत रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. प्रत्यक्ष न तपासता फोनवरून उपचार सांगितल्याचा ठपका होता. जुनाट दुखण्यांशी त्याचा संबंध नव्हता, तरी फोनवर औषध सांगायला डॉक्टर कचरू लागले.

२५ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. फोनवरच्या सल्ल्याला अधिकृत मान्यता मिळाली, पण एनडीपीएसखालची औषधं त्यातून वगळली. म्हणजे कॅन्सरच्या रुग्णाची विचारपूस व्हिडिओवर करा, मॉर्फिनची चिठ्ठी मात्र नाही.

तपासणीवर डॉक्टरांनी आपापले तोडगे काढले. रुग्णाला उताणं झोपवायचं, गुडघा न वाकवता पाय उचलायला सांगायचं आणि कळ गुडघ्याखाली उतरते का ते विचारायचं. मोबाइल घरातल्या कुणाच्या तरी हातात, त्यामुळे पडद्यावर कधी पाय, कधी छताचा पंखा. कापसाचा बोळा फिरवला तरी झोंबतं का, हेही असंच विचारता येतं. पाठीतली आखडलेली गाठ मात्र बोटांनाच कळते. उलट दवाखान्यात कधी न दिसणारी गोष्ट इथे दिसते: झोळ पडलेली खाट, जिथून उठताना जीव जातो ती जमिनीवरची बैठक. शिवाय कंबर धरून एसटीचे धक्के खात यावं लागत नाही. पाठपुराव्याला व्हिडिओ उत्तम, पहिली भेट समोरासमोरच हवी, असं म्हणणारे डॉक्टर पुष्कळ भेटतात आणि ते मला पटतं.

अमेरिकेत त्याच मार्च २०२० मध्ये उलटं घडलं. तिथल्या २००८ च्या कायद्याने मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधं ऑनलाइन लिहून देण्यासाठी आधी प्रत्यक्ष तपासणी सक्तीची केली होती. साथीच्या काळापुरती ती अट शिथिल झाली. ओपिऑइडच्या, म्हणजे मॉर्फिनच्या जातकुळीतल्या औषधांच्या, अतिवापराने हजारो बळी घेतलेल्या देशाने दार उघडलं, आणि मॉर्फिनसाठी रुग्ण वणवण फिरतात त्या आपल्या देशाने ते बंदच ठेवलं.