जुन्या वस्तूंचा संग्रह (सातारा-सांगली परिसर)

वापरातून गेलेल्या, पण टाकवत नाहीत अशा वस्तू शोधणे, त्यांची ओळख पटवणे आणि त्या जपणे, असा हा छंद. नाणी, तांब्या-पितळेची भांडी, धान्याची मापे, कंदील, ग्रामोफोनच्या तबकड्या, मोडी लिपीतले कागद, संस्थानी स्टँपपेपर, नाटकाच्या जाहिराती, जुनी मासिके असे काहीही त्यात येते. या माणसाला संग्राहक म्हणण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. घरच्यांच्या लेखी तो भंगार गोळा करणारा असतो आणि भंगारवाल्याच्या लेखी मोडीपेक्षा दोन पैसे जास्त देणारे गिऱ्हाईक.

कायद्याची व्याख्या वेगळी आहे. १९७२चा पुरावस्तू व बहुमोल कलावस्तू कायदा ५ एप्रिल १९७६पासून लागू झाला. त्यानुसार साधारणपणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू ही पुरावस्तू. हस्तलिखिते आणि महत्त्वाचे कागदपत्र यांना पंचाहत्तर वर्षे पुरतात. या भागातल्या कपाटांत जे साठते, त्यातले बरेचसे या रेषेच्या अलीकडचे, म्हणजे आजोबांच्या वापरातले असते.

या परिसरात माल विपुल मिळतो, त्याचे पहिले कारण संस्थाने. आजच्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत औंध, फलटण, जत, सांगली, थोरली मिरज आणि धाकटी मिरज अशी सहा संस्थाने होती. त्यांचे दरबार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या आणि कोर्ट-फीचे स्टँपही वेगळे. मार्च १९४८मध्ये ती मुंबई प्रांतात विलीन झाली आणि हा सगळा कागद एका दिवसात जुना झाला. ते स्टँप आज तिकिटे जमवणारे शोधत असतात. पुढे १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ नावाचा जिल्हा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. त्यामुळे एखाद्या पावतीवर किंवा शाळेच्या दाखल्यावर ‘जि. द. सातारा’ असा शिक्का दिसला, की तारीख फाटून गेलेली असली तरी तो कागद त्या अकरा-बारा वर्षांतला ठरतो. नवख्याने आधी असल्या खुणा शिकाव्यात, किमती नंतर.

दुसरे कारण कारखाने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर १९१०मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले आणि १९२०पासून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे मासिक झाले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडेही तिथलीच. माळ्यावरच्या ट्रंकेत या मासिकांचे गठ्ठे अजून सापडतात. वर्षभराच्या अंकांचे बांधीव खंड बघायला देखणे, पण बांधणाऱ्याने बहुधा मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकलेली असतात. म्हणून संग्राहक सुट्या, कोपरे दुमडलेल्या अंकांना जास्त मान देतो. साताऱ्याकडे कूपरच्या कारखान्याचे नांगर आणि इंजिने होती. त्यांच्या बिडाच्या पाट्या इंजिन मोडीत जाताना काढून ठेवलेल्या आढळतात.

या सगळ्यांत लोकांच्या घरात सर्वांत खोल शिरली ती कराडजवळच्या ओगलेवाडीची वस्तू, प्रभाकर कंदील. ओगले काच कारखाना १९१६चा. रॉकेलचा कंदील हातात आला, की आधी काच पाहायची. कंदिलाचा सांगाडा दोन पिढ्या टिकतो, काच मात्र दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा फुटते. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या बहुतेक कंदिलांना काच एकीकडची आणि टाकी दुसरीकडची असते. मग टाकी उलटी करायची. बुडाला गंज असतोच, पण भोक बुजवायला डाग दिलेला आहे का, आणि तो कथलाचा जुना आहे की कालचा, हे अंगठा फिरवला की कळते. वात वर-खाली करणारी चकती फिरते का, काच उचलण्याची दांडी मूळची आहे की तारेची, हे शेवटी. सगळे भाग एका जातीचे असलेला कंदील क्वचित मिळतो. मिळाला की त्याला काळा रंग मारून त्यात विजेचा दिवा बसवणारेही याच भागात आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेले बरे.

भांड्यांची गोष्ट मोडीची आहे. तांबे-पितळ वजनावर विकायचे आणि त्या पैशांत स्टीलचे घ्यायचे, हा व्यवहार दोन पिढ्यांनी केला. बोहारणीच्या पाटीत आणि तांबटाच्या दुकानात बंब, घंगाळी, फिरकीचे तांबे आणि लामणदिवे असेच गेले. आज संग्राहक नेमके तेच शोधत भंगाराच्या दुकानाच्या मागच्या बाजूला उकिडवा बसलेला दिसतो. भांड्यावर कोरलेले नाव ही त्याची खरी कमाई. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव, गाव आणि कधी कधी साल टोचलेले असते. घोटून नाव घालवले, की वजन तेवढेच राहते आणि बाकी सगळे जाते. चिंच-मिठाने लख्ख करण्याची सवयही या छंदात आवरावी लागते. भांड्याला ती चालून जाते, नाण्याला नाही.

धान्याच्या मापांचा नाद असलेले लोक निराळेच. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण ही उतरंड त्यांना तोंडपाठ असते. १९५६चा वजनमापांचा कायदा आला, दशमान पद्धत रुळली आणि ही मापे दुकानातून उठून माळ्यावर गेली. पूर्ण संच जमवणे अवघड, कारण पायली मोठी म्हणून टिकते आणि चिपटे पिठाच्या डब्यात पडून वापरातच झिजते. मापाच्या काठावर सरकारी तपासणीचे ठसे असतात. ठसे जितके जास्त, तितकी वर्षे ते माप बाजारात राबले असे समजावे.

नाण्यांत इकडे पहिले नाव शिवराईचे. तांब्याचे जाड नाणे, एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ आणि कडेने ठिपक्यांची माळ. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यामुळे एखादे अक्षर बाहेरच राहते. शिवराया महाराजांच्या नंतरही दीर्घकाळ पडत राहिल्या. अक्षरांची वळणे बदलली, ‘शिव’चे ‘सिव’ झाले, कंपनी सरकारच्या अमलात दोन रेघांची दुदांडी शिवराई निघाली. त्यामुळे सापडलेली प्रत्येक शिवराई रायगडच्या काळातली नसते. सांगणारा मात्र तसेच सांगतो. बनावट नाणीही भरपूर आहेत. ठशाखाली ठोकलेल्या नाण्याची कड वेडीवाकडी आणि कधी चिरलेली असते. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या अंगावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि कडेला साच्याच्या सांध्याची रेघ सापडते. सोन्याची शिवराई, म्हणजे होन, कोणी सहज दाखवू लागला तर चहा घेऊन उठावे.

वस्तू खरी असणे आणि ती ज्याची म्हणतात त्याची असणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. याचे मोठे उदाहरण साताऱ्यानेच पाहिले. जुलै २०२४मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. ती जेम्स ग्रँट डफकडून पुढे गेली. हा डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात कंपनीचा प्रतिनिधी होता. वाघनखांबरोबरच्या पेटीवर इंग्रजी मजकूर आहे: ही शिवाजीची वाघनखे, याच शस्त्राने त्याने मोगल सरदाराला मारले आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली. अफजलखान आदिलशाहीचा होता, मोगलांचा नव्हे. म्हणजे पेटीवरच्या चिठ्ठीतच चूक आहे. ती हीच वाघनखे, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. तरीही पेटी आणि तिच्यावरचा मजकूर नसता, तर पोलादाच्या या पंज्याबद्दल आज काहीच बोलता आले नसते. संग्राहकाच्या वहीचे काम हेच असते. वस्तू कोणत्या गावातून, कोणत्या घरातून, कोणत्या दिवशी, काय सांगून मिळाली, हे त्याच दिवशी लिहायचे. ऐकीव माहिती ऐकीव म्हणूनच लिहायची. अशी वही ठेवणारे थोडे आहेत, आणि वाड्यांची कोरीव दारे उचलून महामार्गावरच्या हॉटेलांना विकणाऱ्यांकडे ती नसतेच.

काही वस्तू आपली हकिगत स्वतःच्या अंगावर वागवतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची घंटा तशी आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेनंतर ती इकडे आली.

राजेशाही संग्राहक पाहायचा तर औंधला जावे. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी जमवलेला संग्रह १९३८मध्ये यमाईच्या डोंगराच्या उतारावर बांधलेल्या श्री भवानी चित्रसंग्रहालयात मांडला गेला. राजा रविवर्मा आणि धुरंधर यांची चित्रे तिथे आहेत आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे दगडातले मायलेकराचे शिल्पही. एवढ्याशा संस्थानाच्या गावी ते पाहिल्यावर प्रत्येकजण एकदा थबकतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. दगडाची, धातूची, लाकडाची पुरातन शिल्पे, चित्रे आणि सचित्र पोथ्या घरात असतील तर पुरातत्त्व खात्याकडे नोंदवाव्या लागतात. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी नेता येत नाहीत. शेतात नांगराला हंडा लागला आणि ऐवज दहा रुपयांहून जास्त असला, तर १८७८च्या निखात निधी कायद्याने कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. तलवारींना शस्त्र कायदा आणि वाघाचे खरे नख, हस्तिदंत यांना वन्यजीव कायदा लागतो. देव्हाऱ्यातल्या मूर्ती विकायला येतात, तेव्हा त्या कुठल्या देवळातून निघाल्या हे विचारावे आणि उत्तर अडखळत आले तर हात लावू नये.

सांगली-मिरजेच्या संग्रहाचा सूर अर्थातच संगीताचा. विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये सांगलीत मराठी नाटक उभे केले. बालगंधर्वांचा जन्म पलूसजवळच्या नागठाण्याचा. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७मध्ये तिथेच दर्ग्याजवळ त्यांना दफन केले. मिरजेच्या सतारमेकर मंडळींकडे पिढ्यान्पिढ्यांचे तंबोरे दुरुस्तीला येतात. फुटलेला भोपळा सांधताना आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर घडवणाऱ्याचे नाव मिळाले, तर ती चिठ्ठी तशीच ठेवावी. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या लाखेच्या असतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे गाणे मावते, दर बाजूला सुई बदलावी लागते आणि हातातून पडली की तबकडीचे दोन तुकडे. त्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.

सांगलीत साठवणीचा प्रश्न कृष्णेमुळे येतो. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि अनेक घरांचा तळमजला बुडाला. तांबे-पितळ धुऊन निघाले. मोडी कागदांचे गठ्ठे चिखलाच्या विटा झाले. असे गठ्ठे ओले असताना सोडवू नयेत. शक्य तर गोठवून ठेवावेत आणि जाणकाराकडून पान पान वेगळे करून घ्यावे. पुराच्या पाण्यात तबकडी वाचली तरी तिच्या मधले कागदी लेबल सुटून जाते. मग कोण गातेय ते कळत नाही. अशा वेळी लेबलाच्या कडेला, लाखेतच उठलेला क्रमांक पाहावा. आणि तबकडी फार जुनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची असेल तर शेवटपर्यंत लावावी. तेव्हा ध्वनिमुद्रण हिंदुस्थानात होई आणि तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कामगारांना ओळख पटावी म्हणून गाणे संपता संपता गाणारा स्वतःचे नाव मोठ्याने सांगत असे.